काकूंची जोडवी

सांगलीच्या एका काकांच्या मुलाने मला सात लिंका पाठवल्या आणि खाली लिहिलं, "ताई, उद्यापर्यंत यातलं एक ऱ्योकान ठरवून द्या ना, आईबाबांसाठी, एकाच रात्रीचं." ऱ्योकान म्हणजे पारंपरिक पद्धतीचं जपानी अतिथीगृह. सातही ठिकाणी तेच चित्र. वाफाळतं पाणी, काठावर लाकडी घंगाळ, पलीकडे फुजी.

मी तोक्योत लोकांच्या सहली आखून देते आणि लागलंच तर दुभाषी म्हणून सोबत जाते. ऱ्योकानचे फोटो बघणं मी सोडून दिलंय. सुरुवातीला अशाच एका फोटोला भुलून पुण्याच्या एका जोडप्याला पाठवलं होतं. ती दोघं पोचली रात्री आठला. जेवण साडेसहाचं, ते केव्हाच आवरलेलं. आंघोळीची जागा तीन जिने खाली, आणि तिथलं पाणी गाळून-तापवून पुन्हा पुन्हा फिरवलेलं, क्लोरीनचा वास मारणारं. त्यात ऱ्योकानने फसवलं काहीच नव्हतं. यातलं एकही मी आधी विचारलं नव्हतं, एवढंच.

म्हणून यावेळी लिंका बाजूला ठेवल्या आणि थेट सांगलीच्या काकांनाच फोन लावला. मुलाकडे तोक्योतल्या निशिकासाईला येऊन त्यांना आठवडा झाला होता.

"काका, तुम्हाला काय बघायचंय?"

"फुजी कॅलेंडरवर बघितलाय मी," काका म्हणाले. "पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. इथे कुठेतरी पीएच दोनच्या पाण्यात माणसं बसतात म्हणे. ते दाखव."

म्हणजे कुसात्सु! गुन्मा प्रांतातलं, साधारण बाराशे मीटर उंचीवरचं गाव. तिथलं पाणी इतकं आम्ल की त्यात टाकलेला लोखंडी खिळा काही दिवसांत झिजून जातो. ते पुढे ज्या नदीत जातं, तिच्यात 1964 पासून रात्रंदिवस चुनखडीची भुकटी कालवलेलं पाणी सोडावं लागतं, तेव्हा कुठे नदी नदीसारखी राहते. हे सांगितल्यावर काका फोनवरच खूष झाले.

मागून काकूंचा आवाज आला, "आधी माझं सांगा तिला."

काकूंचं म्हणणं रास्तच होतं. मासे-मटण-अंडं काही नाही. गुडघे दुखतात, जमिनीवरच्या गादीवरून उठता येत नाही. आणि चार परक्या बायकांसमोर उघडं होऊन आंघोळ? "या वयात? मुळीच नाही." जपानी सार्वजनिक कुंडात कपडे घालून उतरता येत नाही, पंचासुद्धा पाण्यात बुडवायचा नसतो, त्यामुळे तिथे मध्यममार्ग नव्हता. हवी होती 'काशिकिरी' सोय असलेली जागा, म्हणजे आतून कडी लावून तासभर आपल्यापुरतं घेता येणारं न्हाणीघर.

मग सुरू झाले फोन. यातला जेवणाचा भाग सगळ्यात नाजूक. "शाकाहारी मिळेल का?" असं विचारलं की उत्तर बहुतेक हो येतं, आणि ताटात येतात छान भाज्या, पण कात्सुओबुशीच्या दाशीत शिजवलेल्या. कात्सुओबुशी म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाचे पापुद्रे, दाशी म्हणजे सार. आपल्याकडे फोडणी जशी गृहीत धरलेली, तशी तिकडे ही दाशी. तिच्यात मासा आहे हे सांगणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे मी विचारते ते असं: "सूप, उकडलेल्या भाज्या, तेम्पुरा बुडवायचं पाणी, हे सगळं नुसत्या कोम्बुच्या आणि शिइताकेच्या दाशीवर कराल का?" कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळ, शिइताके अळंबी, तेम्पुरा म्हणजे जपानी भजी. चार ठिकाणांहून "मुझुकाशीइ देसु ने" आलं. शब्दशः अर्थ "अवघड आहे", खरा अर्थ "नाही".

पाचव्या ठिकाणी स्वतः ओकामीनेच फोन उचलला. ओकामी म्हणजे ऱ्योकानची मालकीणबाई, जिच्या नजरेखालून सगळं घर चालतं. माझा प्रश्न ऐकून ती क्षणभर गप्प झाली आणि मग तिनेच उलट विचारलं, "कांदा-लसूण चालतो का? मागे आलेल्या एका पाहुण्यांना चालत नव्हता." मी पेन खाली ठेवलं. जागा ठरली होती.

बाकीचं भराभर झालं. ततामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीतच दोन ठेंगणे पलंग, जेवायला खुर्ची-टेबल, न्हाणीघर त्याच मजल्यावर. पाण्याचं विचारलं तर "गेन्सेन काकेनागाशी", झऱ्याचं पाणी एकीकडून येतं आणि वापरलेलं दुसरीकडून वाहून जातं, परत फिरवत नाहीत. दर माणशी असतो, खोलीचा नाही, आणि त्यात दोन वेळचं जेवण धरलेलं, हे मुलाला दोनदा समजावावं लागलं. त्याच्या कामाचं रिलीज आलं म्हणून तो येऊ शकला नाही. मीच दोघांना घेऊन निघाले. उएनोहून अडीच तास गाडी, पुढे पंचवीसएक मिनिटं बस. तीनच्या ठोक्याला दारात हजर.

वाटेत गावाच्या मधोमध युबाताके लागतं. लाकडी पन्हळांच्या रांगांवरून कढत पाणी सोडलेलं असतं, म्हणजे साधं पाणी न मिसळताच ते निवतं. आम्लाची धार कमी होऊ द्यायची नाही, म्हणून हा खटाटोप. काका बसमधून उतरले, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "किपचं उपकरण!" शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सडक्या अंड्याच्या वासाची आठवण एवढ्या प्रेमाने काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. काकूंनी पदर नाकाला लावला.

ऱ्योकानात शिरल्यावर काकांनी खोली बघितली नाही, बाग बघितली नाही. कपडे बदलायच्या जागेत भिंतीवर पाण्याचं विश्लेषणपत्र लावलेलं असतं, त्यासमोर ते उभे राहिले आणि माझ्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. पीएच 2.1. सल्फेट, क्लोराइड, ॲल्युमिनियम. मीही मग शिकवणी घेतल्यासारखी सांगत सुटले. 1948 च्या कायद्याने झऱ्याचं पाणी उगमाशी 25 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम हवं, नाहीतर ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एखादा तरी त्यात पुरेशा प्रमाणात हवा, तरच ते ओन्सेन, म्हणजे कायद्याच्या लेखी गरम झऱ्याचं पाणी. पाणी मिसळलं, तापवलं, फिरवलं, औषध घातलं, तर तेही 2005 पासून लिहून लावावं लागतं.

"मग आपलं वज्रेश्वरी सहज पास," काका म्हणाले.

त्या कागदाशेजारीच आणखी एक पाटी होती. ती मी शेकडो वेळा बघितली आहे. इतकी, की ती आता मला दिसतच नाही.

काकू आत गेल्या. पहिल्यांदा तीनच मिनिटं बसा, डोळ्यांना हात लावू नका, बाहेर पाट आहे त्यावर बसून आधी अंग धुऊन घ्या, सगळं मी बजावलं होतं. बाहेर बाकावर बसून मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटांनी कडी निघाली. युकाता (सुती झगा) नेसलेल्या काकू दारात उभ्या, चेहरा लालबुंद, डावी बाजू बरोबर उजवीवर घेतलेली (उलटी घेतली की ती प्रेताची). "काय हलकं वाटतंय गं अंग," म्हणाल्या, आणि बोलता बोलता खाली बघितलं.

जोडवी काळी पडली होती. मळकट वगैरे नाही, तव्याच्या बुडासारखी काळी.

"अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

पाटीवर तेच लिहिलेलं होतं. चांदीचे दागिने काढून ठेवा, गंधकाने काळे पडतात. कोम्बुपासून पलंगाच्या उंचीपर्यंत सगळं विचारलेली मी, आणि समोरची ओळ वाचून दाखवायची विसरले. काका तर माझ्याहून ओशाळले. "सिल्व्हर सल्फाइड. दरवर्षी नववीला शिकवलं मी हे," असं दोनदा पुटपुटले. मंगळसूत्र काकूंनी आपणहून पर्समध्ये ठेवलं होतं, पण जोडवी लग्नापासून पायातून निघालेली नव्हती. एक्केचाळीस वर्षं. आता बोटं अशी भरली होती की काढायची म्हटली तरी निघाली नसती.

रात्री जेवायला उकळत्या कोम्बुच्या पाण्यातलं तोफू, गुन्माचं कोन्याकु (एका कंदाची जेलीसारखी वडी), डोंगरातल्या रानभाज्यांचा तेम्पुरा. काकूंनी भातावर डबीतलं मेतकूट भुरभुरलं आणि शांतपणे जेवल्या. जोडव्यांचा विषय काढला नाही. ते जास्त लागत होतं मला.

भांडी न्यायला ओकामी आली, गुडघ्यांवर बसली, तेव्हा तिचं लक्ष गेलं. मी खालच्या आवाजात सांगितलं, हे लग्नाचं लेणं आहे, पायातून निघत नाही. तिने काही न बोलता मान हलवली आणि गेली. परत आली ती लाकडी घंगाळ घेऊन. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चंदेरी पन्नी तिने घंगाळाच्या तळाला नीट बसवली, पुडीतला पांढरा खायचा सोडा टाकला, किटलीतून साधं गरम पाणी ओतलं, आपलं मनगट बुडवून सोसेल की नाही ते पाहिलं आणि काकूंचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. पन्नीला बोटं टेकतील असा. काकू संकोचून पाय मागे घ्यायला लागल्या, पण तिने घोटा धरून ठेवला.

थोड्या वेळाने पुन्हा तोच वास आला, अगदी बारीक.

"गंधक निघतंय," काका पुढे सरकून वाकले. "चांदीतलं गंधक ॲल्युमिनियम खेचून घेतंय. बघ, बघ!"

"तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा," काकू म्हणाल्या.

पाच-सात मिनिटांनी ओकामीने पाय बाहेर काढून पंचाने टिपला. कडेला अजून करडी रेघ होती, पण वरचा भाग चकाकत होता. काकूंनी पाय दिव्याकडे वळवून बघितला, मग ओकामीकडे बघितलं आणि मराठीतच विचारलं, "आता डावा?"

मला भाषांतर करावं लागलं नाही. ओकामी नवीन पन्नी फाडत होती.