तुम्ही विचारलंत म्हणून: "रुग्णाचं नाव पुढे करून स्वतःसाठीच मागता ना?"

इमर्जन्सीतल्या नर्सेसनी निवेदन दिलं किंवा काळी फीत लावली की हा प्रश्न हमखास येतो. रोखठोक उत्तर द्यायचं तर हो, स्वतःसाठीही मागतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र या विभागात नर्सची ड्यूटी आणि रुग्णाची देखभाल यांचा हिशेब एकच असतो. तो मांडूनच दाखवते.

समजा, एका सिस्टरकडे सहा रुग्ण आहेत. एकाला नॉरॲड्रेनालिन, म्हणजे बीपी वर धरून ठेवणारं औषध, पंपातून चालू आहे, म्हणजे डोस बसेपर्यंत दर पाच मिनिटांनी बीपी बघायचं. दुसऱ्याला इन्सुलिनचं इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून सतत थेंबाथेंबाने, त्यामुळे दर तासाला शुगर. तिसऱ्याला आत्ताच रक्त लावलंय. पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही, कारण गंभीर रिॲक्शन बहुधा याच वेळात सुरू होते. इतक्यात पहिल्याचा पंप वाजतो. सिरिंज संपत आली आहे, आणि या औषधाचा असर दोन-तीन मिनिटांत ओसरतो. त्याच वेळी दारातून छातीत दुखणारा माणूस आत येतो. त्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. उरलेल्या तिघांकडे अजून कोणी पाहिलेलंही नाही. सिस्टर कितीही हुशार असली तरी यातलं काहीतरी मागे पडणारच. काय मागे पडेल, एवढंच काय ते तिच्या हातात.

म्हणून नुसती "स्टाफ वाढवा" ही मागणी अपुरी आहे; एका नर्समागे किती रुग्ण, हे प्रमाण मागायला हवं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा असा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००४ पासून लागू झाला. त्यात इमर्जन्सीसाठी एका नर्समागे जास्तीत जास्त चार रुग्ण, ते अतिगंभीर असतील तर दोन, आणि गंभीर ट्रॉमा असेल तर एक, असं प्रमाण ठरवलं आहे. त्यातली दोन कलमं फार मोलाची आहेत: ट्रायेजची नर्स (आलेला रुग्ण किती गंभीर आहे ते दारात ठरवणारी) या मोजणीत धरायची नाही, आणि प्रमाण सदासर्वकाळ पाळायचं, अगदी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. कागदावर चारला एक आणि जेवायला कोणी गेलं की आठला एक, ही पळवाट त्यामुळे बंद होते. मागणीपत्रात ही दोन वाक्यं नसतील तर आकडा मिळूनही पदरात फारसं पडत नाही.

पुराव्यासाठी २००२ चा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो: नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. अभ्यास पक्का आहे, पण तो शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचा आहे. तो सरळ इमर्जन्सीला चिकटवला तर समोरचा जाणकार तिथेच पकडतो. आपल्या विभागाची स्वतःची नोंद लागतेच.

आणि नोंदीतच बहुतेकांचं गाडं अडतं. रुग्णसंख्या बऱ्याच ठिकाणी मध्यरात्री मोजतात, गर्दी असते संध्याकाळी. मंजूर पदं खाटांवर ठरतात, तर पॅसेजमधलं स्ट्रेचर खाट म्हणून कुठेच दिसत नाही. त्यात भर म्हणजे ॲडमिशन झालेले, पण वॉर्डात बेड नाही म्हणून अडकून पडलेले रुग्ण. त्यांची ठरल्या वेळेची औषधं, दर दोन तासांनी कूस बदलणं, नातेवाइकांचे प्रश्न, हे सगळं वॉर्डाचं काम इमर्जन्सीच्या सिस्टरवर येतं आणि वर नवे रुग्ण चालूच. माझ्या मते गर्दीचं खरं मूळ दारात नसून या आतल्या तुंबण्यात आहे. म्हणून विभागाच्या एका वहीत दर चार तासांनी एका ओळीत लिहायचं: वेळ, एकूण रुग्ण, ट्रायेजच्या वर्गवारीप्रमाणे किती, वॉर्डाच्या बेडसाठी थांबलेले किती आणि किती तासांपासून, इनचार्ज आणि ट्रायेज सोडून प्रत्यक्ष नर्स किती, आणि काय उशिरा झालं. ईसीजी, सेप्सिसमधला (जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेततो तेव्हाचा) अँटिबायोटिकचा पहिला डोस, वेदनाशामक दिल्यावर परत विचारपूस, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. निदान चार आठवडे, निवांत दिवस धरून. फक्त वाईट रात्री निवडल्या की वहीवरचा विश्वास उडतो.

या वहीत रुग्णाचं नाव नको, डॉक्टरवर ठपका नको. उलट रुग्णाच्या केसपेपरवर "स्टाफ कमी होता" असं लिहू नका; तिथे काय केलं आणि किती वाजता केलं एवढंच. स्टाफची तक्रार इन्सिडेंट रिपोर्टमध्ये, म्हणजे प्रशासनाला द्यायच्या घटनेच्या अहवालात. गर्दीचा फोटो ग्रुपवर टाकणं तर सपशेल घातक: रुग्णाचा चेहरा दिसला की चर्चा स्टाफवरून थेट कारवाईवर जाते.

झेपणार नाही असा ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून रुग्णांचा ताबा) मिळत असेल तर हरकत तिथल्या तिथे, आधी तोंडी इनचार्जला आणि मग लेखी. भाषा साधी ठेवा: "२०.४० वाजता माझ्याकडे ८ रुग्ण, २ इनोट्रोपवर (बीपी टिकवणाऱ्या औषधांवर). मी ड्यूटी घेत आहे, पण बाकी सहांचे दर तासाला व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास) होणार नाहीत. एक नर्स द्यावी किंवा वॉर्डाचे दोन रुग्ण हलवावेत." प्रत स्वतःकडे ठेवा. ओव्हर घेतल्यावर मात्र दुसरीला दिल्याशिवाय निघून जायचं नाही. ती हरकत राहत नाही, रुग्णाला वाऱ्यावर सोडणं होतं, आणि नर्स म्हणून असलेल्या नोंदणीवर बेतू शकतं.

मारहाणीबद्दलही हेच. शिवीगाळ, धक्काबुक्की "चालायचंच" म्हणून सोडली की कागदावर विभाग शांत दिसतो आणि सुरक्षारक्षक मिळत नाही. ट्रायेजच्या खोलीला दुसरं दार आणि टेबलाखाली अलार्मचं बटण, या मागण्या पगारवाढीपेक्षा लवकर मंजूर होऊ शकतात, त्या आधी मागा.

एवढं केल्यावर प्रशासन बहुधा वॉर्डातली एखादी सिस्टर त्या दिवसापुरती पाठवतं. नाही म्हणू नका, पण तिला क्रॅश कार्टचे (तातडीच्या औषधांच्या गाडीचे) कप्पे, सक्शन आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) दाखवल्याशिवाय रिससमध्ये, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या खोलीत, उभं करू नका. तिला वॉर्डाच्या बेडसाठी थांबलेले रुग्ण द्या. ते काम तिला आपल्यापेक्षा चांगलं येतं. आणि वहीत तिची नोंद "तात्पुरती" अशी वेगळी करा, नाहीतर पुढच्या बैठकीत तीच भरलेली जागा म्हणून मोजली जाते.