नुर्मी गेम्स बघायला दर्यापूरच्या पुढं

पावो नुर्मी गेम्स ही धावण्या-फेकण्याची मोठी स्पर्धा होते फिनलंडच्या तुर्कू शहरात, आणि मी ती बघायला गेलो मावशीच्या गावाला, आता हसा. पण एकट्यानं घरी मोबाईलवर बघण्यात काय मजा, आणि तिकडं मावसभाऊ अन् त्याची सगळी पोट्टे कंपनी पोलीस भरतीची तयारी करून राह्यली होती, म्हणून 18 जून 2024 ला दुपारची अमरावती-दर्यापूर एसटी धरली.

वलगाव सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूला नुसती काळी सपाट जमीन. हा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. एक सर येऊन गेली होती पण पेरणीजोगा पाऊस काही नव्हता, त्यामुळे एसटीत सगळ्यांच्या तोंडी बियाणं न आभाळ हेच. दर्यापूरला शकुंतलेचा, म्हणजे आमच्याकडच्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेगाडीचा, रूळ दिसला, दोन्हीकडून बाभळी माजलेल्या. ही गाडी मी लहानपणी चालू असलेली पाहिली आहे, असो, त्या विषयावर गेलो तर पोस्ट इथंच संपेल.

गावात मैदान नाही. डांबरी रस्त्यावर चुन्याच्या खुणा करून पोरं पळतात, चारशे मीटरवर एक खूण, अशा चार खुणा म्हणजे भरतीचं सोळाशे मीटर. गोळाफेकीचा गोळा मात्र खरा, 7.260 किलोचा लोखंडी, वर्गणी काढून आणलेला, गंज चढलेला पण हाताची पकड बसते तेवढा भाग घासून चकाकतो. रात्री मावशीच्या हातची भाकर-पिठलं हाणून आम्ही देवळाच्या ओट्यावर बसलो आणि मोबाईल टेकवायला काही सापडेना तर त्या गोळ्यालाच टेकवला.

स्क्रीनवर लख्ख उजेड. "भाऊ, तिकडं दिवस हाय का अजून?" हाय ना, तिकडं अडीच तास मागं, शिवाय जूनमध्ये सूर्य लवकर मावळतच नाही.

मग नुर्मी कोण हे सांगणं आलं. याच तुर्कूचा, 1897 चा जन्म, बाप सुतार, पोरगा बारा-तेरा वर्षांचा असताना गेला. शाळा सुटली, बेकरीचा हमाल झाला, चढावर हातगाडी ढकलायचा. 1920, 24 आणि 28 अशा तीन ऑलिंपिकमध्ये मिळून 9 सुवर्ण, 3 रौप्य. पॅरिसला 1924 मध्ये 1500 आणि 5000 मीटरच्या दोन्ही फायनल एकाच दिवशी, दोन तासांच्या आत जिंकल्या. त्याच्या नावानं 1957 पासून ही स्पर्धा आहे, स्टेडियमलाही त्याचंच नाव. पोरांनी आकडे ऐकले, मान हलवली, खरे जागे झाले ते घड्याळाचं सांगितल्यावर. हा माणूस स्टॉपवॉच हातात धरून पळायचा, शेजारी कोण आहे बघायचंच नाही, घड्याळ बघायचं, प्रत्येक चक्कर ठरलेल्या वेळात.

"मी हेच सांगून राह्यली याइले," गटातली एक पोरगी म्हणाली, तिचं आठशेचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, होतं. "पहिल्या चारशेत जीव खाऊन पळते अन् तिसऱ्यात याचा दम निघते." मावसभाऊ गप. पाच मिनिटं दहा सेकंदांत सोळाशे मारलं तर वीसपैकी वीस मार्क, म्हणजे प्रत्येक चारशेला साधारण साडेसत्त्याहत्तर, हे त्यांना तोंडपाठ, आणि उद्यापासून राज्यात ग्राउंड सुरू होणार होतं. त्यामुळं नुर्मी त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळला, मी आपला वाचून शहाणा.

भालाफेक सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी याच स्पर्धेत नीरज चोप्रानं 89.30 मीटर फेकूनही फिनलंडच्या हेलँडरनं 89.83 टाकून त्याला दुसरं केलं होतं, आणि या खेपेला हेलँडर दुसऱ्या फेरीत 83.96 टाकून पुढं गेला तर ओट्यावर शिव्यांचा पाऊस, पेरणीला पुरला असता. तिसऱ्या फेरीत नीरजचा 85.97. तेवढ्यात नेटवर्क गेलं, चाक फिरायला लागलं, एक जण मोबाईल घेऊन पाराच्या कठड्यावर चढला आणि तिथून आकडे ओरडायला लागला, पुढची स्पर्धा आम्ही अशीच कानांनी बघितली. फिनलंडचाच केरानेन 84.19, दुसरा. नीरज पहिला. एवढा आरडाओरडा झाला की मावशी दारातून ओरडली, "झोपा न बावा, पहाटे पळाचं हाय ना?"

पहाटे घड्याळ त्या पोरीच्या हातात. पहिल्याच चारशेला ती "हळू, हळू" ओरडत होती आणि मावसभाऊ चक्क ऐकत होता. पाच बावीस. पाच तीसच्या आत आलं की अठरा मार्क.

"अठरा झाले," धापा टाकत बोलला, "राह्यलेले दोन गोळ्यातून काढतो," आणि ओट्यावर गोळा आणायला गेला.