आठ 'पां'चा पलंगपोस

फ्रेंचमधून मराठीत भाषांतरं करते. त्या दिवशी टेबलावर पंधराव्या शतकातली, दक्षिण फ्रान्सच्या लांगदॉक प्रांतातली घरसामानाची यादी होती; कापडाच्या इतिहासावरच्या एका पुस्तकासाठी हवी होती. पलंगपोसाची रुंदी दिली होती आठ 'पां'. पां आला लॅटिन 'पाल्मुस'वरून, म्हणजे तळहात, आणि तळहाताची रुंदी चार बोटं. मी 'बत्तीस बोटं' लिहून मोकळी झाले.

शेजारी मेथी निवडत बसलेल्या आईला वाचून दाखवलं.

"सव्वा-दीड हाताचा पलंगपोस? पाळण्यावर घालायचा होता का?"

मग मुकाट्याने तिकडची जुनी मापं काढली. कापड मोजायचे 'कान'ने (आपला कान नव्हे). आठ पां म्हणजे एक कान. गावागणिक थोडाफार फरक, पण कान साधारण दोन मीटरचा. म्हणजे पां पंचवीसेक सेंटिमीटर! मुळात रोमनांच्याच पाल्मुसला दोन अर्थ होते: एक चार बोटांचा, दुसरा बाराचा. दक्षिणेने मोठा उचलला. आईने मेथीची जुडी बाजूला सारून टेबलावर हात पसरला. "मग सरळ वीत म्हण ना." खरंच की, आपली वीत ज्या 'वितस्ति'वरून आली तीही बारा अंगुळांचीच.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला तळटीप द्यायची हौस. फ्रेंचमध्ये वितीला 'आंपां' म्हणतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. तेव्हा 'पां हे आंपांचं लघुरूप' असं ठोकून दिलं. पाठवण्याआधी उगाच व्युत्पत्तिकोश उघडला आणि घाम फुटला. आंपांचं मध्ययुगीन रूप 'एस्पान', आणि ते आलं फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतल्या 'स्पाना'वरून. इंग्रजी 'स्पॅन' आणि जर्मन 'श्पाने' ही त्याचीच भावंडं. पुढे सुरुवातीच्या 'एस'च्या जागी 'आं' आला, आणि शब्द पांचा सख्खा भाऊ वाटू लागला. प्रत्यक्षात एकाचं माहेर रोम, दुसऱ्याचं फ्रँकांच्या घरी. माप मात्र दोघांचं वीतभर.

आजचे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ एका दमात किती आकडे ध्यानात राहतात त्यालाही आंपांच म्हणतात. माझी त्या दुपारची आंपां टीचभरच असावी.

टीप खोडली, 'आठ वितींचा' लिहिलं. संध्याकाळी संपादकांचा निरोप आला, कंसात सेंटिमीटर हवेत. पट्टी घेऊन बसलो. माझी वीत 19 भरली, आईची साडेसतरा. कंसात 'सुमारे 200' लिहून पाठवलं.