सातारकरांची मेट्रो

साताऱ्याला मेट्रो नाही, आणि लागणारही नाही. भुयारात शिरायची हौस पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरवर भागते. पण विनाथांबा एसटी सोडते स्वारगेटला आणि तिथली भुयारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. तेव्हापासून पुण्यात कामाला, कॉलेजला, दवाखान्याला जाणाऱ्या सातारकराला ती पाठ करणं आलंच.

शिवाजीनगर, पिंपरी गाठायची असेल तर काही अडचण नाही, गाडीत बसून राहायचं. गोची होते ती डेक्कन, कोथरूड, पुणे स्टेशन, रुबी हॉलवाल्यांची. मंडई, कसबा पेठ आणि मग जिल्हा न्यायालय. इथे दुसऱ्या मार्गिकेची गाडी धरायला उतरायचं, पण बाहेर पडायचं नाही. गर्दीच्या रेट्यात माणूस गेटपाशी पोहोचतो, तिकिटाचा क्यूआर दाखवतो, गेट उघडतं आणि प्रवास तिथेच संपतो. पुढचं तिकीट नवं. शिवाय कागदी तिकीट चार घड्या घालून खिशात कोंबलेलं असेल, तर घडी नेमकी क्यूआरवर पडते आणि गेट ढिम्म हलत नाही.

हा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. गाडी पेठांच्या आणि मुठेच्या पात्राखालून येते, मग एवढं खोल जावंच लागतं. दुसरी मार्गिका मात्र खांबांवर, रस्त्याच्याही वर. त्यामुळे एक सरकता जिना संपला की दुसरा, तो संपला की तिसरा. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ लिफ्ट शोधावी. वर पोहोचल्यावर समोर दिसेल त्या गाडीत उडी मारू नये, आधी पाटीवरचं शेवटचं स्टेशन वाचावं. डेक्कन, कोथरूडसाठी वनाज. पुणे स्टेशन, रुबी हॉलसाठी रामवाडी. न वाचता चढलेला डेक्कनवाला मंगळवार पेठेत निघतो. कंदी पेढ्यांची पिशवी एक्स-रेमधून जाते, पेढ्यांना काही होत नाही. गाड्या सकाळी ६ ते रात्री ११. एसटी त्यानंतर पोहोचली तर रिक्षावाला म्हणेल ते भाडं.

सातारकराच्या खऱ्या कामाची मेट्रो अजून व्हायची आहे. स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. वर पुण्याचा सातारा रस्ता आहे, आणि खंबाटकीचा बोगदा सुसाट पार करून आलेली एसटी याच शेवटच्या पट्ट्यात सिग्नल मोजत बसते. कात्रजलाच उतरून खाली शिरता आलं तर हा सगळा वेळ वाचेल. मात्र एसटीचा थांबा आणि स्टेशनचं तोंड चौकाच्या एकाच बाजूला हवं. दोन बाजूंना आलं, तर हातात बोचकी, पाठीवर सॅक आणि सोबत म्हातारी आई घेऊन कात्रजचा चौक कोण ओलांडणार? सगळे निमूट एसटीतच बसून राहतील, स्वारगेट येईपर्यंत.