डोंबिवली गेली, पार्की भेटला

आज दुपारच्या लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली आणि डोंबिवलीला उतरायचंच राहिलं. दोष मायकेल पार्किन्सनच्या आत्मचरित्राचा. फोर्टच्या फुटपाथवर मिळालेली जुनी प्रत, पानांना कुबट वास.

पार्की म्हणजे हाच, १९७१ पासून बीबीसीवर गप्पांचा कार्यक्रम करायचा तो ब्रिटिश माणूस. मुहम्मद अलीशी त्याच्या झालेल्या खडाजंगीच्या मुलाखती मी यूट्यूबवर पाहिल्या होत्या. आणि १९७६ मध्ये त्याच कार्यक्रमात आलेला तो एमू! बाहुलीच हो, पण त्या पक्ष्याने याला खुर्चीवरून खाली पाडलं. जन्मभर लोक तेवढंच विचारत राहिले, याचा त्याला भयंकर राग.

पण मी अडकलो ते यॉर्कशरमध्ये, त्याच्या इंग्लंडमधल्या मुलुखात. वडील कोळसा खाणीत मजूर. पोराने हे काम धरू नये म्हणून त्यांनी एकदा त्याला खाणीत खाली नेऊन आणलं. पार्की बार्न्सली क्लबकडून क्रिकेट खेळायचा, सोबत कोण, तर डिकी बर्ड! आपल्या ८३ च्या फायनलचे अंपायर. पुढे पोराचं एवढं नाव झालं, तरी वडिलांचं म्हणणं काय? सगळं छान आहे रे, पण यॉर्कशरच्या संघाकडून क्रिकेट खेळण्याची सर नाही त्याला.

हे वाचून मान वर केली तर कल्याण.

परतीच्या गाडीची वाट बघत बाबांना फोन लावला, सगळं रंगवून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "कल्याणलाच आहेस तर कोथिंबीर बघ, तिथे स्वस्त असते."