साडेआठ फॉर्मचं पुस्तक

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रंथालयात एक गृहस्थ आले. पंचाहत्तरी ओलांडलेली, पांढरा सदरा, चिखलाच्या चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या. पिशवीतून एकाच पुस्तकाच्या पाच प्रती काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या. "ताई, ग्रंथालयाला भेट. पावतीबिवती काही नको." मी नाव विचारेपर्यंत ते पायरी उतरलेही होते.

पुस्तक १३६ पानांचं, म्हणजे छापखान्याच्या हिशोबात साडेआठ फॉर्मचं; सोळा पानांचा एक फॉर्म. मुखपृष्ठावर केळीच्या घडाचा फोटो, मोठा करताना कडा फुटलेला. प्रकाशक म्हणून पत्नीचं नाव आणि घरचा पत्ता. किंमत १५० रुपये छापलेली, तिच्यावर निळ्या पेनाने रेघ आणि शेजारी 'सप्रेम'.

अशी लेखकाने स्वतःच छापलेली पुस्तकं मी गेली नऊ वर्षं शोधून वाचते आणि वाचून झाली की त्यांच्याबद्दल लिहिते. मोठ्या प्रकाशनांची पुस्तकं आमच्याकडे यादीतून येतात, त्यांची परीक्षणं रविवारच्या पुरवण्यांत येतात. ही पुस्तकं मात्र नातेवाइकांत वाटली जातात, उरलेले गठ्ठे पलंगाखाली जातात, आणि दहा वर्षांनी रद्दीत. त्यात काय होतं हे घरच्यांनाही माहीत नसतं. मला ते सहन होत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाने जळगाव जिल्ह्याबद्दल लिहिलेलं कुणी वाचायचं? आपणच ना?

ती सापडतात कुठे, हे मला सारखं विचारलं जातं. पहिली जागा म्हणजे डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका आणि दशक्रियेची कार्डं करणाऱ्या मुलाला विचारायचं, "सध्या पुस्तक कुणाचं लावतोयस?" तो स्क्रीन वळवून दाखवतो. दुसरी जागा अमृतमहोत्सव. सत्काराला गेलं की जेवणाच्या दारात आत्मचरित्र हातात देतात, आतल्या पानावर 'खासगी वितरणासाठी' असं छापलेलं. किंडलवर २०१६ च्या अखेरीस मराठी पुस्तकं यायला लागली तेव्हापासून तिथेही बघते. सुरुवातीची काही पानं फुकट वाचता येतात, आणि तेवढ्यात बरंच कळतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी दोन दिवस ग्रंथदालनाच्या बाहेरच फिरत होते. गाळ्याचं भाडं न परवडणारे लेखक तिथे पिशवी घेऊन उभे असतात. एका निवृत्त आरोग्यसेविकेकडून मी चौसष्ट पानांचं पुस्तक घेतलं. सातपुड्यातल्या पाड्यांवर लसीकरणासाठी पायी फिरलेली बाई. तिने एक अख्खं पान फक्त आपल्या पिशवीत काय काय असायचं यावर लिहिलं आहे, आणि त्या पानासाठी मी ते पुस्तक तीनदा वाचलं. बाकी निम्म्या पानांवर अधिकाऱ्यांचे आभार आहेत. दोन्ही गोष्टी मी लिहिल्या.

दोन्ही लिहायच्या, हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका परिचितांच्या कवितासंग्रहावर मी भरभरून लिहिलं होतं. प्रस्तावना आणि पहिल्या वीस कविता एवढंच वाचून. माझं वाचून एका बाईंनी पैसे पाठवून पुस्तक मागवलं आणि महिन्याने मला फोन केला. "ताई, तुम्ही हे शेवटपर्यंत वाचलं होतं का?" त्या चिडल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून शेवटचं पान वाचल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. मला ज्यात काहीच सापडत नाही त्या पुस्तकावर लिहीत नाही, पण लेखकाने विचारलं तर का नाही ते सांगते.

तर ते केळीचं पुस्तक. नाना (आता मी त्यांना नानाच म्हणते) एका केळी सोसायटीत कारकून होते. सावदा स्टेशनवर दिल्लीला जाणाऱ्या वॅगनी भरताना घड मोजायचे. पहिली तीस पानं शुभेच्छा संदेशांची आहेत, फोटोंसकट. मग बालपण, शाळा, लग्न. स्टेशन येतं पान ४१ वर, आणि तिथून पुस्तक असं सुरू होतं की मी त्या रात्री जेवण गार होऊ दिलं.

दार लावायच्या आधी मुकादम एकटा वॅगनीत शिरायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. सगळ्यांनी गप्प राहायचं. एक घड जरी पिकायला लागलेला असला तरी तो शेजारच्याला पिकवतो, तो पुढच्याला, आणि दिल्लीला दार उघडतं तेव्हा आत लगदा. एकदा मुकादमाला सर्दी होती. त्याने कुणाला सांगितलं नाही. नानांनी तो प्रसंग पाऊण पानात लिहिला आहे, कुठेही आवाज न चढवता: दिल्लीहून आलेली तार, सोसायटीच्या पायरीवर बसलेला मुकादम, आणि त्याच्यासाठी चहा सांगायचा की नाही याचा कारकुनाने केलेला विचार. असं पाऊण पान मी नावाजलेल्या लेखकांकडेही फार वेळा वाचलेलं नाही.

कांदेबाग, मृगबाग, पिलबाग, निसवण हे केळीच्या शेतीतले शब्द नाना अर्थ न सांगता वापरतात, आणि ते मला आवडलं. वाचता वाचता कळतात. पण संपादकाचा हात नसल्याच्या खुणा पानोपानी आहेत. शुभेच्छांची तीस पानं त्याने पहिल्याच दिवशी उडवली असती. सालं मागेपुढे झाली आहेत. आणि अक्षरजुळणीने फार नुकसान केलं आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना 'ऱ्य' मोडतो आणि 'र्य' होतो, हे डीटीपीवाल्यांना माहीत असतं, पण पुन्हा वाचून दुरुस्त करायचे पैसे कुणी देत नाही. त्यामुळे नानांच्या पुस्तकात सातपुड्याच्या दऱ्यांचा 'सातपुड्याच्या दर्या' झाला. डोंगरातला माणूस आयुष्यभर ज्या दऱ्या चढला, तिथे छापून आला समुद्र. पेन्सिल घेऊन मी अशा एकोणचाळीस जागा काढल्या.

निदान नानांनी गावातल्या छापखान्यात तीनशे प्रती काढल्या आणि गठ्ठे स्वतः मोजून घेतले. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांचं 'पॅकेज' घेतलं होतं. पंचेचाळीस हजार भरले, हातात पंचवीस प्रती आल्या. वितरण म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या यादीत एक नोंद. किंमत अशी चढी लावलेली की तिच्या वर्गातल्या मुलांच्या पालकांनाही घेता येईना. त्यात आयएसबीएनचेही, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचेही, पैसे वेगळे लावले होते. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडे स्वतः अर्ज करता येतो. हे मी भेटेल त्या लेखकाला सांगते. आणखी एक सांगते: १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे प्रकाशकाने पाठवायची असते. घरच्या पत्त्यावरून छापलं तरी तुम्हीच प्रकाशक. चार पार्सलांचा खर्च होतो, पण तुमच्या पलंगाखालच्या गठ्ठ्याला वाळवी लागली तरी कोलकात्यात एक प्रत राहते. आणि पहिलंच पुस्तक असेल तर छापायच्या आधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी करा. वेळ लागतो, पण हस्तलिखित कुणीतरी परकं माणूस वाचतं, हीच मोठी गोष्ट.

नानांच्या पुस्तकावर लिहून झाल्यावर, लोकांपुढे ठेवण्याआधी, मी त्यांना फोन करून सगळं वाचून दाखवलं. हे मी नेहमी करते. मत बदलत नाही, पण लेखकाला ते आधी माझ्या तोंडून कळावं असं मला वाटतं. शुभेच्छांच्या पानांबद्दल ऐकून ते म्हणाले, "ते लोक घरी आले होते हो, ताई. नाही कसं म्हणणार?" दऱ्यांचं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी शेवटचा मुद्दा वाचला: घड किती, वॅगनी किती, तारा किती, सगळं आहे, मग भरणाऱ्या मजुरांना काय मिळायचं ते का नाही?

"ते लिहायचं म्हणजे नावं घ्यावी लागतात. त्यांची मुलं आहेत गावात. आमची सोयरीक आहे एका घरात."

"नावं नका घेऊ नाना. आकडा लिहा."

ते "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला. मी जसं लिहिलं होतं तसंच प्रसिद्ध केलं. चौदा जणांनी पुस्तक मागवलं. सगळी पार्सलं नानांनी स्वतः पोस्टात नेऊन टाकली.

दिवाळीनंतर एक जाड पाकीट आलं. वहीची अकरा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. वर एक चिठ्ठी: "ताई, तुमच्या लेखात कांदेबाग जूनमध्ये लावतात असं आहे. जूनची ती मृगबाग. कांदेबाग आत्ता लावतात, दिवाळीच्या सुमारास. दुरुस्त करावे." मी त्याच रात्री दुरुस्त केलं आणि खाली नानांनी चूक दाखवल्याचं लिहिलं.

मग पानं वाचायला घेतली. चौथ्या पानावर आहे, एका वॅगनीमागे टोळीला किती मिळायचे आणि त्यातले मुकादम किती कापून घ्यायचा. तो आकडा नानांनी आधी लिहिला आहे, मग पूर्ण खोडला आहे, आणि वरच्या मोकळ्या जागेत पुन्हा तोच लिहिला आहे.