मामांचा तीळ

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हणून पत्र आलं आणि गणित, स्नेहसंमेलनं, कबड्डी सगळं बाजूला पडून डोळ्यांसमोर फक्त ड्रॉइंगचे सर उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांनी माफ करावं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे ए ग्रेड शाळेला कुणामुळे मिळायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सर मूळचे जे.जे.मधले, एचिंगवाले, म्हणजे धातूच्या प्लेटवर चित्र कोरून ते कागदावर छापणारे. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी घंटेवाल्या मामांना स्टुलावर बसवलं. हातात जस्ताची प्लेट, तिच्यावर मेणाचा काळा थर. सुईनं रेघा ओढायच्या; प्लेट ॲसिडमध्ये ठेवली की जिथं मेण खरवडलंय तेवढाच धातू खाल्ला जातो. त्या चरांत शाई भरायची, वरवरची पुसायची आणि ओलसर कागदावर छाप घ्यायचा. शाळेत प्रेस कुठला! सर मित्राकडून छाप काढून घेऊन आले.

पोस्टकार्डाएवढा कागद. कपाळावरच्या आठ्या, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा, गालात तंबाखू धरल्याचा फुगवटा. शर्टाच्या जागी दोन रेघा, बाकी कोरं. आम्ही ओरडलो, "सर, तीळ भलत्याच गालावर!" छापात डावं-उजवं उलटतं ना. मामा मात्र म्हणाले, "बराबर हाय की! रोज दाढी करताना आरशात ह्येच थोबाड दिसतंय मला." सर हसून हसून बेजार.

शर्ट का नाही रेखाटला, असं विचारलं तर सर म्हणाले, सतराव्या शतकातल्या व्हॅन डाइक या चित्रकारानं स्वतःचं एचिंग केलं तेव्हा डोकं तेवढं पुरं केलं, बाकी प्लेट मोकळी सोडली. डच चित्रकार रेम्ब्राँनं १६२८ मध्ये कोरलेली म्हातारी, त्याची आईच मानतात तिला, ती तर तळहातात मावते. "पेंटिंग लांबून बघतात रे. हे हातात घेऊन, नाकाशी धरून बघायचं."

आज अंधेरीत माझी स्वतःची डिझाइन एजन्सी आहे. होर्डिंगवरच्या चेहऱ्यांच्या सुरकुत्या पुसणं हा आमचा मुख्य धंदा! सर काय म्हणाले असते, ते न विचारलेलं बरं. आणि ड्रॉइंग हॉलची कॉम्प्युटर लॅब झालेली पाहून मागच्या खेपेस मी जिन्यावरूनच परत फिरलो.

मामांचा छाप कराडला त्यांच्या मुलाकडे आहे, फोनवर बोललो त्याच्याशी. तो द्यायला तयार आहे. महोत्सव समितीनं प्रदर्शनात तो लावावाच. फ्रेमचा खर्च माझ्याकडे. फक्त उंचावर टांगू नका.